फळीवरचे पाकीट काय सांगते?

किराणा दुकान ही जागा आपल्या इतक्या परिचयाची असते की तिच्याकडे आपण कधी नीट पाहतच नाही. घरातून यादी मिळते, ती दुकानदाराच्या हाती द्यायची, तो एकेक जिन्नस काढून ठेवतो, हिशेब होतो आणि आपण बाहेर पडतो. जे यादीत नाही ते आपल्याला दिसत नाही. गेल्या रमजानच्या तोंडावर मात्र प्रस्तुत लेखकावर निराळीच पाळी आली. घरून चायना ग्रास आणायला सांगितले होते. नेहमीचे दुकान बंद होते, म्हणून जिथे गिऱ्हाईक स्वतःच फळीवरून माल उचलते अशा एका मोठ्या दुकानात शिरलो. चायना ग्रास कुठे ठेवतात हे ठाऊक नसल्यामुळे एकेक फळी पाहत गेलो. आणायला गेलो होतो एक वस्तू, आणि तासाभरात पंधरा-वीस पाकिटे उलटून वाचून परत आलो.

त्या तासाभरात जे ध्यानात आले ते व्यापारी आणि कारागीर बांधवांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. थोडक्यात सांगायचे तर फळीवरचे प्रत्येक पाकीट ही एक लहानशी व्यापारी शाळा आहे. माल कशाचा बनला, कोणी बनवला, कोणी भरला, कोणी विकला, किती दिवस टिकेल आणि ग्रॅममागे काय भाव पडतो, हे सारे त्याच्या पाठीवर छापलेले असते. आपल्या घरांत आणि मोहल्ल्यांत शेवया, लोणची, मसाले, खारी-टोस्ट, नानखटाई, आमसुले उत्तम बनतात. तरीही तो माल बहुधा गोणीत किंवा विनानावाच्या पिशवीतच राहतो. असे का होते, याचे उत्तरही त्याच फळीवर सापडते.

पाच पाकिटे

प्रथम चायना ग्रासच घेऊ. नावात चायना आहे आणि ग्रासही आहे, परंतु हे गवत नव्हे. समुद्रातील शेवाळ उकळून, गाळून, गोठवून आणि सुकवून ते तयार होते. त्याला अगार-अगार असेही म्हणतात आणि घटकांच्या यादीत त्याचा क्रमांक ४०६ असतो. आपल्या देशात तामिळनाडूच्या रामनाथपुरम किनाऱ्यावर स्त्रिया समुद्रात उतरून हे शेवाळ गोळा करतात. पुडिंग घट्ट करण्यासाठी जिलेटिन वापरतात ते जनावरांच्या कातड्या-हाडांपासून निघते, म्हणून अनेक घरांत ते चालत नाही. चायना ग्रास मात्र सर्वांना चालते. केटरिंगचा धंदा करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. जिलेटिनचे पुडिंग एप्रिल-मेच्या उष्म्यात पाघळते. चायना ग्रासचे पुडिंग फ्रिजबाहेरही घट्ट राहते, कारण एकदा जमलेले अगार पुन्हा वितळायला जवळजवळ उकळत्या पाण्याइतकी उष्णता लागते. उन्हाळ्यातल्या लग्नात शंभर पानांचे गोड सांभाळायचे असेल तर हा फरक पैशांचा आहे.

दुसरे पाकीट हिंगाचे. हिंग म्हणजे एका झाडाच्या मुळातून पाझरणारा चीक. तो आपल्याकडे प्रामुख्याने अफगाणिस्तान, इराण आणि उझबेकिस्तानातून येतो. भारतात त्याची लागवड करण्याचा प्रयोग हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात २०२० साली सुरू झाला. पण डबी उलटून पाहा. घटकांत बहुधा पहिले नाव असते खाण्याच्या गोंदाचे किंवा मैद्याचे, आणि हिंगाचे नाव त्यानंतर येते. ही भेसळ नव्हे. शुद्ध हिंग इतका उग्र असतो की तो स्वयंपाकात मोजून घालणे कठीण, म्हणून तो गोंद-पिठात बांधतात. यालाच बांधानी हिंग म्हणतात. मुंबईची लालजी गोधू ही पेढी १८९४ पासून याच एका जिनसात आहे. परक्या मुलखातून आलेला कच्चा माल, त्याला योग्य प्रमाणात बांधण्याचे कसब आणि सव्वाशे वर्षे न बदललेली चव, एवढ्या भांडवलावर एक नाव उभे राहिले.

तिसरे पाकीट कस्टर्ड पावडरचे. अनेकांचा समज असतो की यात अंडे असते. पाठीवर वाचले तर मक्याचे पीठ, थोडे मीठ, रंग आणि वास, इतकेच सापडते. ही पावडर इंग्लंडातील बर्मिंगहॅम येथे आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्याने १८३७ साली तयार केली. त्याच्या पत्नीला अंडे सोसत नसे आणि कस्टर्ड तर आवडायचे. घरातली अडचण दूर करण्यासाठी केलेली गोष्ट पाहुण्यांनाही आवडली आणि तिचा व्यापार झाला. मक्याचे पीठ काही दुर्मिळ नाही. विकले गेले ते अचूक माप आणि "एवढे दूध, एवढी साखर, एवढा वेळ ढवळा" ही सूचना.

चौथे पाकीट कसुरी मेथीचे. कसूर हे शहर आज पाकिस्तानच्या पंजाबात आहे. फाळणीनंतर सीमा आखली गेली, पण मेथीचे नाव तेच राहिले. आज आपल्या बाजारात मिळणारी कसुरी मेथी मुख्यतः राजस्थानच्या नागौर भागातली असते. वाळलेल्या पाल्याचे हलके पाकीट, पण वासाला तोड नाही. गावाचे नाव एकदा चवीला चिकटले की ते किती दूरवर आणि किती वर्षे चालते, याचे हे उत्तम उदाहरण आहे. कोकणातील बांधवांनी यावर अवश्य विचार करावा. त्याकडे आपण पुढे येऊच.

पाचवे पाकीट फालुद्याच्या मिश्रणाचे. यात साखर, पिठाची बारीक शेव, सब्जा, दूध घट्ट करणारा पदार्थ, रंग आणि वास असतो. यातली प्रत्येक वस्तू मसाला बाजारात सुटी मिळते. सब्जा भिजवणे, शेव उकडणे, दूध आटवणे ही कामे आपल्या घरच्या मुलींनाही येतात. मग पाकीटवाल्याने निराळे काय केले? सहा वस्तू मोजून एकत्र केल्या आणि पाठीवर करण्याची रीत छापली. ज्या गिऱ्हाइकाच्या आईने कधी फालुदा केलेला नाही, त्यालाही तो करता यावा एवढी सोय त्याने विकली.

या पाचही पाकिटांत एक समान धागा आहे. कच्चा माल फार महाग किंवा गुप्त नाही. माप, सोय आणि दर वेळी तीच चव यांचे पैसे गिऱ्हाईक देते.

पाकिटाची पाठ कशी वाचावी

पाकिटाचा दर्शनी भाग जाहिरातीचा असतो, तर पाठ कायद्याची. म्हणून व्यापाऱ्याने आधी पाठ वाचावी.

घटकांची यादी कायद्यानुसार वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते. जे सर्वांत जास्त ते पहिले. बदामाच्या सरबताच्या बाटलीवर पुढे बदामांचे मोठे चित्र असते आणि मागे पहिला शब्द असतो साखर. कधी कधी बदाम यादीत फार खाली असतो, तर कधी फक्त बदामाचा वास असतो. दोन बाटल्यांच्या भावात फरक का आहे, हे ही यादी वाचली की कळते.

त्यानंतर काही क्रमांक येतात. ३३० म्हणजे सायट्रिक ॲसिड, आपले लिंबूफूल. ४१२ म्हणजे गवारीच्या बियांचा गोंद. ३२२ म्हणजे लेसिथिन, जे बहुधा सोयाबीनचे असते. ४७१ हा तेल-चरबीपासून बनणारा पदार्थ आहे. तो वनस्पतीचाही असू शकतो आणि प्राण्याचाही. १२० हा लाल रंग एका किड्यापासून काढतात. असे क्रमांक पाहून घाबरण्याचे कारण नाही, पण त्यांचा अर्थ ठाऊक असावा. आपल्या देशात बनलेल्या मालावर चौकोनातील हिरवा ठिपका असेल तर दूध, मध यांसारखे अपवाद सोडता त्यात प्राण्यापासून आलेला घटक नसतो. ही खूण २००१ पासून चालत आली आहे. मांसाहारी मालासाठी पूर्वी तपकिरी ठिपका असे, आता तपकिरी त्रिकोण असतो. मात्र आखातातून नातेवाइकांनी आणलेल्या चॉकलेट-मिठाईवर ही खूण नसते. तिथे यादी वाचण्यावाचून मार्ग नाही, आणि यादीत जिलेटिन लिहिले असेल तर ते कोणत्या जनावराचे याची चौकशी केल्याशिवाय ते दुकानात ठेवू नये.

बारकोडबद्दलही एक गैरसमज आढळतो. ८९० ने सुरू होणारा बारकोड म्हणजे माल भारतात बनला, असे पुष्कळ दुकानदार सांगतात. वस्तुतः तो क्रमांक एवढेच दाखवतो की बारकोड भारतातील संस्थेकडून घेतलेला आहे. माल कुठला हे कळण्यासाठी उत्पादकाचा पत्ता आणि उत्पादनाचा देश वाचावा. खजुराच्या पाकिटावर हे विशेष पाहावे. परदेशी खजूर असेल तर देशाचे नाव आणि इथल्या आयातदाराचा पूर्ण पत्ता हवा. हा पत्ताच घाऊक खरेदी करणाऱ्याला उपयोगी पडतो.

पत्त्यांच्या ओळीत तर खरा खजिना दडलेला असतो. एकाच पाकिटावर कधी दोन-तीन नावे असतात: एक बनवणाऱ्याचे, एक पाकिटे भरणाऱ्याचे आणि एक विकणाऱ्याचे. मोठ्या नावाचा माल पुष्कळदा एखाद्या लहान गावातील कारखाना बनवून देतो. म्हणजे ज्याच्याकडे कसब आणि जागा आहे, पण स्वतःचे नाव चालवण्याइतके भांडवल नाही, त्याला दुसऱ्याच्या नावाने माल बनवून देण्याचा मार्ग मोकळा आहे. ते पत्ते वहीत उतरवून ठेवणाऱ्या तरुणाला बाजाराचा अर्धा नकाशा फुकटात मिळतो.

शेवटी भाव. पाकिटावर कमाल किरकोळ किंमत तर असतेच. २०२२ सालापासून ग्रॅम किंवा मिलिलिटरमागे पडणारा भावही छापावा लागतो. त्यामुळे लहान आणि मोठ्या पाकिटाची तुलना सोपी झाली आहे. लहान पाकिटात ग्रॅमचा भाव बहुधा जास्त पडतो, तरीही तेच जास्त खपते, कारण रोजंदारीवर जगणारे गिऱ्हाईक हातातल्या पैशांप्रमाणे खरेदी करते. आपला माल बाजारात आणताना पहिले पाकीट लहानच असावे, हा यातून घ्यायचा बोध.

नाव कमावले कसे

रमजानमध्ये ज्याशिवाय दस्तरखान पुरे होत नाही, त्या रूह अफजाची बाटली सर्वांनी पाहिली आहे. पण तिच्या लेबलाकडे किती जणांनी लक्ष दिले असेल? हकीम हाफिज अब्दुल मजीद यांनी १९०६ साली दिल्लीत हमदर्द दवाखाना काढला आणि पुढच्याच वर्षी उन्हाळ्याच्या त्रासावर हे सरबत तयार केले. त्याचे फुलाफळांचे लेबल मिर्झा नूर अहमद या कलावंताने काढले. तेवढ्या रंगांची छपाई तेव्हा दिल्लीत होत नव्हती, म्हणून ते मुंबईत छापून घेण्यात आले. औषधाच्या एका दुकानाने लेबलासाठी एवढा खटाटोप केला. फाळणीनंतर थोरले पुत्र हकीम अब्दुल हमीद दिल्लीत राहिले, धाकटे हकीम मोहम्मद सईद कराचीला गेले आणि दोन्हीकडे हेच सरबत चालू राहिले. नावाची किंमत किती, हे दिल्ली उच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०२२ च्या एका निकालातही दिसले. दिल अफजा नावाच्या सरबताच्या विक्रीला न्यायालयाने मनाई केली, कारण नाव जवळचे आणि मालही तोच. आपल्याकडे प्रसिद्ध नावात एखादे अक्षर बदलून माल काढण्याची खोड काही जणांना असते. त्यांनी हा निकाल ध्यानात ठेवावा.

पुण्याच्या गिट्सची सुरुवात गिलानी आणि तेजानी या दोघांनी १९६३ साली केली. डाळ-तांदूळ भिजवून, वाटून, आंबवून इडली-डोसा करायला रात्र जाते. त्यांनी तीच गोष्ट पाकिटातील पिठावर आणली. ज्या काळात घरोघरी पाटा-वरवंटा होता, त्या काळात तयार पीठ विकत घ्या म्हणणे सोपे नव्हते.

बंगळूरच्या एमटीआरची कथा निराळी आहे. १९२४ पासून चाललेल्या या उपाहारगृहाला आणीबाणीच्या काळात सरकारने ठरवून दिलेल्या भावात पदार्थ विकणे परवडेना. उपाहारगृह बंद पडले, तेव्हा हाताखालच्या माणसांना काम राहावे म्हणून मसाले आणि तयार पिठे पाकिटांत भरून विकायला सुरुवात झाली. संकटात सुरू केलेला तो जोडधंदा पुढे मूळ धंद्यापेक्षा मोठा झाला.

आणि मुंबईच्या लिज्जत पापडाची हकिकत तर सर्वश्रुत आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील सात स्त्रियांनी उसने घेतलेल्या ८० रुपयांवर पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी चार पाकिटे तयार झाली.

यातले कोणीही बाजारात नवा पदार्थ आणला नव्हता. सरबत, डोसा, मसाला, पापड हे सर्व घराघरांत होतेच. त्यांनी त्यावर नाव घातले आणि ते नाव राखले.

शेवयांची एक हकिकत

आता आपल्या जवळची एक गोष्ट. आमच्या मोहल्ल्यात एक चाची शेवया करतात. रवा-मैदा मळण्याचे त्यांचे प्रमाण असे की शिरखुर्म्यात शेवई मोडत नाही आणि चिकटही होत नाही. वर्षानुवर्षे त्या वजनावर, कागदात बांधून विकत. एका वर्षी त्यांच्या मुलाच्या मनात आले की हा माल बाजारपेठेतल्या मोठ्या दुकानात ठेवावा. तो घेऊन गेला. दुकानदाराने शेवई हातात घेतली, वास घेतला आणि म्हणाला, "बाळा, माल नंबर एक आहे, पण यावर काहीच लिहिलेले नाही. कोणाच्या पोटात दुखले तर लोक मला विचारतील. मी काय सांगू?"

मुलगा हिरमुसला, पण हटला नाही. पुढच्या खेपेस पारदर्शक पिशव्या आणल्या, आत नाव-पत्त्याची चिठ्ठी घातली आणि पिशवीचे तोंड दुमडून वर पिना मारल्या. ते वर्ष होते २०१६. ईद जुलै महिन्यात, ऐन पावसाळ्यात आली होती. मे महिन्याच्या कडक उन्हात वाळवलेल्या शेवया दुकानाच्या फळीवर पंधरा दिवसांत सादळल्या. पिनांच्या भोकांतून दमट हवा आत गेली होती. काही पाकिटांत किडे झाले. ईदच्या चार दिवस आधी दुकानदाराने निम्म्याहून जास्त माल परत केला. रवा-मैदा उधारीवर आणलेला होता. चाचींनी परत आलेली पिशवी उघडली, शेवई बोटांनी दाबून पाहिली आणि एवढेच म्हणाल्या, "हाताचं कसब पिशवीनं घालवलं."

त्या वर्षी त्यांच्या घरी ईदचे कपडे आले नाहीत. उधारी फेडायला पुढचा हंगाम गेला. चूक पिठात नव्हती, प्रमाणात नव्हती. होती ती चार पैशांच्या पिनेत. शिवाय पिन खाण्यात गेली असती तर प्रकरण याहून वाईट झाले असते.

नंतर त्यांनी काय केले हे सांगणे अगत्याचे आहे. मुलाने बाजारातून निरनिराळ्या शेवयांची पाच पाकिटे विकत आणली. प्रत्येकाची जाडी पाहिली, शिवण पाहिली, पाठ वाचली. मग उष्णतेने तोंड चिकटवणारे हातयंत्र घेतले. जाड पिशवी घेतली. नोंदणी क्रमांक काढला. पहिली वीस पाकिटे विकली नाहीत. ती घरातच कपाटावर ठेवली आणि दर पंधरवड्याला एक फोडून शिजवून पाहिली. किती आठवडे माल जसाच्या तसा राहतो हे कळल्यावर त्याहून कमी मुदत पाकिटावर छापली. आज तोच दुकानदार शाबानमध्येच निरोप पाठवतो. फार मोठा पैसा झालेला नाही, पण माल परत येत नाही आणि रवा रोखीने आणला जातो. कारागिराच्या घरात ही लहान गोष्ट नव्हे.

आमसुलाचे पोते

मघाशी कसूरची आठवण काढली, ती कोकणासाठी. रत्नागिरी-सिंधुदुर्गात कोकमाचे फळ फोडून, साल मिठाच्या रसात पुन्हा पुन्हा बुडवून उन्हात वाळवतात. त्याचे आमसूल होते. खारवलेला रस म्हणजे आगळ. बियांपासून घट्ट तेल निघते, ज्याला सौंदर्यप्रसाधने बनवणाऱ्यांकडून मागणी असते. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. म्हणजे नावाचा हक्क कायद्यानेच या भूमीला दिलेला आहे.

असे असताना गावात काय चालते? घरातील स्त्रिया ऐन मेच्या उन्हात पाठ भाजून आमसुले वाळवतात, माल पोत्यात भरला जातो, दलाल येतो, ओलावा आहे म्हणून भाव पाडतो आणि पोते उचलतो. तेच आमसूल मुंबईच्या फळीवर शंभर-दोनशे ग्रॅमच्या पाकिटात दिसते. पाठीवर घटक दोनच: कोकमाची साल आणि मीठ. पत्ता कुठल्या तरी शहरातील पाकिटे भरणाऱ्याचा. वाळवणाऱ्या गावाचे नाव कुठेही नाही. दलालाला दोष देऊन भागणार नाही. वजन करणे, निवडणे, ओलावा राखणे, पाकीट भरणे आणि दुकानापर्यंत पोचवणे ही कामे कोणीतरी केली, त्याचे पैसे त्याला मिळाले. ती कामे गावातच झाली तर ते पैसे गावात राहतील.

आणि हे केवळ खाद्यपदार्थ बनवणाऱ्यांचे काम नाही. पाकिटाला लेबल लागते, लेबलाला चित्र आणि छपाई लागते, मालाला पुठ्ठ्याचे खोके लागते. छापखाना, स्क्रीन प्रिंटिंग, खोकी बनवणे यांत आपले अनेक कारागीर आहेत. मोहल्ल्यातल्या एका पाकिटामागे चार घरांना काम मिळू शकते.

सुरुवात कशी करावी

ज्यांच्या मनात असा काही विचार असेल त्यांच्यासाठी काही व्यवहाराच्या गोष्टी.

१. आपण जो माल बनवणार त्याचीच पाच निरनिराळी पाकिटे विकत आणा. चव, वजन, ग्रॅमचा भाव, घटक, मुदत आणि पत्ते यांचा तक्ता वहीत करा. हा खर्च वाया जात नाही.

२. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा २००६ सालचा असून त्याची अंमलबजावणी ५ ऑगस्ट २०११ पासून सुरू झाली. खाण्याचा कोणताही माल विकण्यापूर्वी लहान उत्पादकाने नोंदणी आणि मोठ्याने परवाना घ्यावा लागतो. चौदा आकडी क्रमांक मिळतो, तो पाकिटावर छापायचा असतो. उलाढालीच्या मर्यादा आणि फी वेळोवेळी बदलतात, म्हणून अर्जाच्या वेळी अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात विचारावे. दुसऱ्याचा क्रमांक कधीही छापू नये.

३. वजनमापांच्या नियमांनुसार मालाचे नाव, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, बनवल्याचा महिना-वर्ष, बनवणाऱ्याचा पूर्ण पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क हे स्पष्ट अक्षरांत हवे. वजन पाकिटासह नव्हे, आतल्या मालाचे. मापात काटेकोर असणे आपल्यावर तसेही बंधनकारक आहे.

४. जे सिद्ध करता येणार नाही ते छापू नका. २०१५ च्या जूनमध्ये मॅगी नूडल्सवर देशभर बंदी आली, तेव्हा शिशाच्या प्रमाणाबरोबर "एमएसजी घातलेले नाही" या छापील वाक्यावरही आक्षेप होता. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये बंदीचा आदेश रद्द केला आणि नोव्हेंबरमध्ये माल पुन्हा बाजारात आला. एवढी मोठी कंपनी ते महिने सोसू शकली. आपल्यासारख्याला एक आठवडाही सोसवणार नाही. "शंभर टक्के शुद्ध", "मधुमेहावर गुणकारी" असली वाक्ये म्हणून टाळावीत.

५. दुकानदाराशी पहिल्याच दिवशी बोलून ठेवा: पैसे किती दिवसांत, परत माल कोण सोसणार, फळीवर माल कोणत्या ठिकाणी राहणार. संकोच केला की नंतर नाते बिघडते.

६. तांत्रिक अडचण आली तर म्हैसूरची केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था १९५० पासून याच कामात आहे. ती प्रशिक्षणही देते. कर्ज आणि सरकारी योजनांसाठी जिल्हा उद्योग केंद्रात चौकशी करावी. ही दारे सर्वांसाठी उघडी असतात, पण जो ठोठावतो त्यालाच ती उघडलेली दिसतात.

हे सर्व एकदम जमणार नाही आणि जमवण्याची घाईही करू नये. तूर्त एकच काम करावे. पुढच्या वेळी किराणा आणायला जाल तेव्हा दहा मिनिटे जास्त काढा. यादीत नसलेले एक पाकीट उचला, ते उलटा आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या पत्त्यापर्यंत वाचा. मग घरी येऊन स्वयंपाकघरातल्या बरण्यांकडे पाहा. त्यातली कोणती बरणी त्या फळीवर शोभली असती, हे तुम्हाला कोणी सांगावे लागणार नाही.